पेटीतला आवाज

१

सुंदरम्मा बाई लोखंडी जिन्याच्या पायथ्याशी पडलेल्या सापडल्या, पण त्यांच्या चपला वर खोलीत, टेबलाखाली जोडीनं ठेवलेल्या होत्या.

सहायक पोलीस निरीक्षक दाक्षायणी हत्तुरे गावात पोचल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. दुपारभर त्या सोलापुरात मीटिंगमध्ये होत्या. तिथून थेट वळसंगमार्गे बसवनळ्ळीला आल्या. मे महिन्यातला गुरुवार. गावावरचं ऊन अजून उतरलं नव्हतं. जुन्या चावडीच्या माडीवर गावानं अभ्यासिका केली होती आणि तिथं जायला बाहेरून सतरा पायऱ्यांचा लोखंडी जिना होता. खाली माणसं गोळा झाली होती. जो तो एकच सांगत होता. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, वय सहासष्ट, ऊन हे असलं, भोवळ आली असणार.

दाक्षायणीनं जिन्याच्या कठड्याला बोट लावलं आणि लगेच मागं घेतलं. साडेपाचला ही गत, तर तीन वाजता काय असेल? अशा लोखंडावरून अनवाणी कोण उतरेल? घाईनं, कुणाच्या तरी मागं धावत निघालेलं माणूस सोडून?

डॉक्टरांनी मृत्यूची वेळ अडीच ते साडेतीनमधली सांगितली होती. जाताना ते हळूच म्हणाले होते, "पडल्यावर लगेच गेल्या नाहीत त्या. अर्धा तास तरी जीव होता."

माडीवर दगडी भिंतींची लांबट खोली होती. भिंतीवर नकाशे, सात टेबलं, कोपऱ्यात फळीवर डब्याएवढी पांढरी पेटी. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. दाक्षायणीनं फोटो काढले आणि ठाण्यात पाठवायला गेल्या, तर जाड भिंतींमुळं फोनला रेंज नव्हती. पडद्यावर 'अभ्यासिका' नावाचं वायफाय दिसलं, तेच त्यांनी जोडलं.

फोटो गेले नाहीत. फोनवर आपोआप एक पान उघडलं. डोक्यावर पदर घेतलेल्या म्हातारीचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'सिद्धम्माची गोष्ट. आधी ही ऐका.'

त्यांनी बटण दाबलं. आवाज आला नाही. पान बंद करून बातम्यांचा पत्ता टाकला, तर पुन्हा तीच म्हातारी. बँकेचा टाकला. पुन्हा तीच.

"ते इंटरनेट नाहीये मॅडम," दारातून कुणीतरी म्हणालं.

ती काव्या होती. वय एकोणतीस. अभ्यासिका तीच चालवायची. चार वाजता कुलूप उघडायला आली आणि बाई तिलाच आधी दिसल्या. रडून तिचे डोळे सुजले होते.

"ही पेटी कशालाच जोडलेली नाही. सगळी पुस्तकं, धडे, व्हिडिओ हिच्या पोटातच आहेत. फोन जोडला की तो जगातल्या कुणालाही हाक मारू दे, ओ हीच देते आणि स्वतःचं पान पुढं करते. नाहीतर पोरांना सापडलंच नसतं, धडे कुठं आहेत ते."

"म्हणजे काहीही मागितलं तरी ही म्हातारी?"

"नाही, रोज स्वागताचं पान येतं. हे आज बदललंय." काव्या पेटीजवळ गेली आणि थबकली. "मॅडम, इथं पेन ड्राइव्ह होता. सिद्धम्माचं रेकॉर्डिंग त्यातच होतं. बाईंनी दुसरीकडं कुठं ठेवलंच नव्हतं."

पेटीच्या बाजूची खाच रिकामी होती.

दाक्षायणीनं घड्याळात पाहिलं आणि पंचनाम्यात लिहिलं: सायंकाळी ५.५०, पेन ड्राइव्ह जागेवर नाही. भोवळ येऊन पडलेली बाई पेन ड्राइव्ह कुठं नेईल?

२

सिद्धम्मा वर्षापूर्वी वारली होती. गुरप्पांच्या मळ्यात तिनं जन्मभर काम केलं. शेवटच्या दोन महिन्यांत सुंदरम्मा बाई रोज तिच्या बाजेशी जाऊन बसायच्या आणि तिचं बोलणं टिपून घ्यायच्या. सिद्धम्मानं त्यांच्याकडून शब्द घेतला होता: मी गेल्यावर वर्ष होऊ दे, मग सगळ्यांना ऐकव. कुणी चुकवू नये.

"म्हणून त्यांनी मला विचारलं, प्रत्येकाला आधी तेच पान दिसेल असं करता येतं का," शुक्रवारी सकाळी काव्या सांगत होती. "मी शिकवलं त्यांना. पण भांडलेही. पोरं परीक्षेच्या अभ्यासाला येतात, त्यांच्यापुढं आधी म्हातारीची गोष्ट कशाला? बाई म्हणाल्या, एकच दिवस, शुक्रवारी वर्षश्राद्ध आहे तेवढा."

"गोष्टीत काय होतं?"

"नाही सांगितलं. ऐकशील उद्या, एवढंच म्हणाल्या."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. दहाला मी उघडते, एकला जेवायला बंद, चारला परत. काल एकला मी निघाले तेव्हा बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, माझं काम राहिलंय."

गोष्टीत काय असेल याचा अंदाज मात्र गावाला होता. चावडीसमोरच्या पारावरचं कुणीही आवाज खाली करून एकच नाव घेई. निंगव्वा, गुरप्पांची पहिली बायको. एकेचाळीस वर्षांपूर्वी मळ्यातल्या आडात पडून मेली. पाय घसरला असं कागदावर आलं. पुढं गुरप्पांनी दुसरं लग्न केलं आणि शिवपुत्र झाला. त्या दिवशी मळ्यात कामाला होती ती सिद्धम्मा.

गुरप्पा सत्तरी गाठलेले, वाळलेले गृहस्थ. ओसरीवर खांबाला टेकून बसले होते.

"अप्पा, सिद्धम्मानं बाईंना काय सांगितलं असेल?"

"मला काय ठाव? मरायला टेकलेली बाई, काय बोलली आसंल ते."

"काल दुपारी तुम्ही कुठं होता?"

"हितंच. ह्याच खांबाला." त्यांनी खिशातून बटणांचा जुना फोन काढून पुढं ठेवला, जणू त्यांची झडतीच चालू होती. "बगा. माज्याकडं एवढंच हाय."

असल्या फोनला पेटीचं पान दिसणं शक्य नव्हतं.

शिवपुत्र अडतीस वर्षांचा. गावातलं दूध संकलन केंद्र तोच चालवायचा आणि यंदा निवडणुकीला उभं राहायची त्याची तयारी चालली होती. घसा बसलेला, त्यामुळं बोलणं खरखरीत येत होतं.

"गेलतो की मी अभ्यासिकेत. चोरून न्हाय गेलो. आकरा-चाळीसच्या आसपास. नवा कूलर देतोय मी पोरांना, त्येच सांगायला. काव्या हुती, बाई हुत्या. दहा-बारा मिन्टं थांबलो आन निघालो."

"मग?"

"बाराला सोलापूरला गेलो. सहाला परत आलो."

"सोलापुरात कुठं?"

तो जमिनीकडं बघत राहिला. "काम हुतं."

"कुठं, कुणाकडं?"

"मॅडम, त्ये मी सांगणार न्हाय. काय करायचं त्ये करा."

सिद्धम्माचा मुलगा मल्लेश डेअरीचा टँकर चालवायचा. पहाटे निघून बाराच्या आत घरी यायचा. गुरप्पांच्या मळ्याला लागूनच त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत आईचा हार घातलेला फोटो आणि खाली समई. बायको माहेरी वळसंगला गेली होती. श्राद्धाच्या स्वयंपाकाला ती आदल्या दिवशीच यायची होती, पण गावात हे असं झाल्यावर श्राद्धच लांबणीवर पडलं.

"बाई लई जीव लावायच्या आईला," तो म्हणाला. "शेवटाला मी टँकरवर आसायचो, त्याच बसायच्या उशाशी. मला म्हणल्या हुत्या, मल्लेश, सगळ्यांच्या आदी तुला ऐकवीन. तुजा हक्क हाय."

"मग ऐकवलं?"

त्यानं मान हलवली. "कुटलं? त्येच्या आदीच हे झालं. आईचा आवाज कुटंच न्हाय मॅडम माज्याकडं. फोटू हाय त्यो एवढाच."

"काल दुपारी?"

"झोपलो हुतो. टँकर लावला, जेवलो आन झोपलो. गलका झाला तवा उठलो."

दाक्षायणीनं घराकडं नजर फिरवली. भिंती साध्या, पण जागा मोठी होती, परसात दोन लिंबाची झाडं. "घर तुमचंच?"

"जागा गुरप्पाण्णांच्या आईनं दिली, माज्या आईच्या नावानं. त्येंच्या घरी राबली की जन्मभर, म्हणून. मी जन्मलो त्या वर्षी दिली."

दाक्षायणी उठल्या. दारापर्यंत आल्यावर त्यांच्या मनात आलं, जन्मभर राबल्याबद्दल मिळालेली जागा मूल झालं त्याच वर्षी कशी मिळाली? पण तेवढ्यात काव्याचा निरोप आला. पेटीत काहीतरी सापडलं होतं.

३

"मी विसरूनच गेले होते मॅडम," काव्या म्हणाली. लॅपटॉप पेटीला जोडून ती बसली होती. पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळीच ओळी. "पेटी ओ तर देतेच, पण कुणी कुणाला हाक मारली ते लिहूनही ठेवते. आपण काहीच केलं नाही तरी फोन गप्प बसत नाही. त्यातलं एकेक ॲप आपापल्या पत्त्याला हाका मारतच असतं. फोन कुणाचा ते कळत नाही. पण त्यात काय काय आहे ते कळतं."

"कालचं काढ. तू दहाला उघडलंस तिथपासून."

काव्या वाचू लागली. दहानंतर बराच वेळ काही नव्हतं. सकाळच्या अभ्यासाला पोरांचे फोन बंद करून टोपलीत ठेवायची पद्धत होती. मग अकरा पंचवीस: पान बदललं, सिद्धम्माचं पान लागलं. अकरा चाळीस: एक फोन जोडला गेला.

"नवं पान पाहणारा हा पहिला फोन. यानं रेकॉर्डिंग पूर्ण वाजवलंय, नऊ मिनिटांचं. आणि हा दर दोन मिनिटांनी एकाच पत्त्याला हाक मारतोय." काव्यानं वर पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. "डेअरीचा आहे. दुधाच्या नोंदीचं ॲप."

"पुढं?"

"अकरा एक्कावन्नला पेन ड्राइव्ह काढला गेला. बावन्नला फोन गेला."

"तुझ्यादेखत काढला?"

"मी खाली चहाला गेले होते थोडा वेळ, तेव्हा..." तिला नक्की सांगता येईना.

अकरा चाळीस. शिवपुत्रनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली वेळ. म्हणजे त्यानं गोष्ट ऐकली, ड्राइव्ह उचलला, सोलापूरला जातो म्हणून निघाला आणि बाईंचं तोंड बंद करायला अडीच-तीनला परत आला. सगळं जुळत होतं.

दाक्षायणी संकलन केंद्रावर गेल्या तेव्हा ही बातमी त्यांच्या आधीच तिथं पोचली होती. दूध घालायला आलेल्या बायका किटल्या तशाच धरून उभ्या होत्या. एकीनं शिवपुत्रकडं बघत जमिनीवर थुंकलं. गुरप्पा कुठून तरी काठी टेकत आले आणि मुलासमोर उभे राहिले.

"सांग की रं त्येन्ला. कुटं हुतास सांग."

शिवपुत्रचे ओठ हलले, पण बापाकडं बघून त्यानं तोंड मिटलं आणि स्वतःच जाऊन जीपमध्ये बसला.

४

ठाण्यात नेण्याआधी दाक्षायणीनं त्याला चावडीत बसवलं आणि त्या पुन्हा माडीवर गेल्या. नोंदींच्या पानांवर सह्या घ्यायच्या होत्या. काव्या एकेक पान दाखवत होती.

"हे कालचं शेवटचं. यानंतर रात्रीपर्यंत कुणी नाही."

"काय आहे त्यात?"

"दोन पन्नास. एक फोन जोडला. पान उघडलं, आवाजाचं बटण दाबलं, वाजलं नाही. मग बातम्यांचा पत्ता, मग बँकेचा." काव्या पडद्याकडं वाकली. "मॅडम! दोन पन्नास म्हणजे बाई पडल्या तीच वेळ! कुणीतरी इथं वर बसलं होतं तेव्हा!"

"अजून काय आहे त्या फोनमध्ये?"

"थांबा हं. हे पोलिसांच्या हजेरीचं वाटतंय... आणि हे एक कन्नड आहे. पदबंध. शब्दकोड्याचं."

दाक्षायणीनं स्वतःच्या फोनकडं पाहिलं. सोलापुरात त्यांच्या घरी आई एकटीच असायची. दिवसातून एक कन्नड शब्दकोडं दोघी मिळून सोडवायच्या. आई घरून दोन शब्द घालायची, दाक्षायणी ठाण्यातून दोन.

"काव्या," त्या म्हणाल्या, "तो फोन माझा आहे."

 नकळत काव्यानं खुर्ची मागं सरकवली.

"काल दोन पन्नासला मी सोलापुरात होते. वीस माणसांसमोर. या खोलीत मी फोन जोडला तो संध्याकाळी पाच पन्नासला. मी वेळ लिहून ठेवलीय." त्यांनी पंचनाम्याची प्रत पुढं केली. "तुझी पेटी तीन तास मागं आहे."

"असं कसं होईल? घड्याळ मी दर सोमवारी दहाला लावते. या सोमवारीही लावलंय."

"कुणाकडून वेळ घेते ही?"

"आपला फोन बाहेरून घेतो. हिला बाहेर कुणीच नाही. हिची आपली हीच मोजत असते, म्हणून तर..." काव्या मध्येच थांबली. "वीज गेली की बंद पडते. आली की जिथं थांबली होती तिथूनच पुढं मोजते."

मंगळवारी वादळात तार तुटली होती. वायरमननं वहीत लिहिलं होतं: दुपारी तीनला गेली, सहाला आली. त्यानंतर वीज गेली नव्हती.

"तरी माझं ऐकू नकोस," दाक्षायणी म्हणाल्या. "तुझा फोन शोध यात. काल दहा ते एक तू याच खोलीत होतीस. मघाशी तू दहापासून पुढचं वाचलंस, त्यात तू कुठंच नव्हतीस."

काव्या वरवर सरकत गेली. तिचा फोन सापडला. सकाळी सात ते दहा. कुलूप लागलेल्या खोलीत तीन तास.

"आता सात ते दहामध्ये डेअरीचा फोन आहे का बघ."

होता. आठ चाळीसला आलेला, आठ बावन्नला गेलेला. त्यानंही दर दोन मिनिटांनी डेअरीला हाक मारली होती. त्याला दिसलेलं पान मात्र जुनं होतं, स्वागताचं. सिद्धम्मा तेव्हा पेटीत लागलीच नव्हती.

"हा शिवपुत्र," दाक्षायणी म्हणाल्या. "खरे अकरा चाळीस. कूलरचं सांगितलं आणि गेला. आणि नोंदीत ज्याला अकरा चाळीस लिहिलंय तो आला दुपारी दोन चाळीसला. तू गेल्यावर."

"पण दोघांकडं डेअरीचं ॲप?"

"गावात ते किती जणांकडं आहे?"

काव्यानं बोटांवर मोजलं. केंद्र चालवणाऱ्याकडं एक. दुसरं टँकर चालवणाऱ्याकडं.

५

दाक्षायणी आधी चावडीत गेल्या. शिवपुत्र बाकावर एकटाच बसला होता.

"काल दोन चाळीसला तुम्ही कुठं होता एवढंच सांगा. तुमच्या वडिलांच्या कानावर जाणार नाही."

 शर्टाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढून त्यानं पुढं केला. सोलापुरातल्या एका दवाखान्याचा. घशातल्या गाठीचा तुकडा तपासायला काढल्याची नोंद. आत घेतलं दोन पंधराला, सोडलं साडेचारला.

"अप्पांना म्हाईत न्हाय," तो खरखरत्या आवाजात म्हणाला. "रिपोर्ट सोमवारी हाय. तवर तरी त्येंनी सुखानं जेवावं."

दाक्षायणीनं कागद परत त्याच्या हातात ठेवला आणि त्याला घरी जायला सांगितलं.

मल्लेश दारातच उभा होता, जणू वाट बघत. दाक्षायणीनं खुर्ची ओढून घेतली आणि त्यालाही बसायला सांगितलं. आवाज चढवला नाही.

"बाईंनी तुम्हाला शब्द दिला होता, सगळ्यांच्या आधी तुम्हाला ऐकवीन. बाई शब्द मोडणाऱ्या नव्हत्या. काल दोन पंचवीसला त्यांनी पान लावलं आणि त्यानंतर पंधरा मिनिटांनी पहिला फोन जोडला गेला. तो तुमचा. तुम्ही नऊ मिनिटं आईचा आवाज ऐकला."



"सगळं गाव गुरप्पांच्या घराकडं बोट दाखवतंय. मीही दाखवत होते. कुणालाच वाटलं नाही, की गोष्ट त्यांच्या घराची असली तरी सांगणारीनं स्वतःबद्दलही काही सांगितलं असेल. मल्लेश, ही जागा तुमच्या आईला राबल्याबद्दल मिळाली नाही. तुम्ही जन्मलात त्याच वर्षी कुणी जन्मभराच्या कामाचा मोबदला देतं का? कशाबद्दल मिळाली?"

मल्लेशनं दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले.

"तिनं खोटी साक्ष दिली," तो म्हणाला. "निंगव्वाला म्हातारीनं ढकललं, गुरप्पाण्णांच्या आईनं. माज्या आईनं डोळ्यांनी बगितलं. आन पोलिसांना सांगितलं, पाय घसरला. तवा मी पोटात हुतो. म्हातारी म्हणली, तुज्या लेकराला जागा देते." त्यानं भिंतीकडं पाहिलं. "ह्या भिंती मी बांदल्या मॅडम. आईची जागा म्हणून बांदल्या. वर्षभर तिच्या फोटूपुडं समई लावतोय."

"बाईंना काय म्हणालात?"

"हात जोडलं. म्हणलं, बाई, उद्या श्राद्ध हाय तिचं. गाव जेवायला येणार, आन त्येंच्या फोनवर हे? बाई रडत हुत्या, पर म्हणल्या, तिचीच इच्छा हुती, मी शब्द दिलाय. मी ते काडून घेतलं आन निगालो. बाई मागनं पळत आल्या, बाही धरली जिन्यावर. मी झटकली." तो थांबला. "नुसती झटकली."

"मग?"

"खाली उतरलो. त्येंचं डोळं उगडं हुतं. माज्याकडं बगत हुत्या."

"आणि तुम्ही घरी येऊन झोपलात."

"झोपलो न्हाय."

"अर्धा तास जिवंत होत्या त्या, मल्लेश."

हे त्याला माहीत नव्हतं. तो वाकला, कपाळ गुडघ्यांना टेकलं, आणि बराच वेळ त्याच्या खांद्यांशिवाय काही हललं नाही. मग तो उठला, आईचा फोटो भिंतीवरून उतरवला, मागचा पुठ्ठा सरकवला. आत पेन ड्राइव्ह होता.

"मोडणार हुतो. कालच. हातोडी घेऊन बसलो हुतो." त्यानं तो दाक्षायणीच्या हातात दिला. "पर तिचा आवाज दुसरीकडं कुटंच न्हाय की."

६

आठ दिवसांनी, भर दुपारी गुरप्पा एसटीनं ठाण्यात आले. एकटेच. दाक्षायणीनं त्यांना पंख्याखाली बसवलं आणि पाणी दिलं.

"शिवपुत्र कसा आहे?"

"गाठ वाईट हाय म्हणत्यात. पुण्याला न्यायचं हाय." पाणी न पिता त्यांनी पेला बाजूला ठेवला. "मला ऐकायचं हाय. सिद्धी काय बोलली त्ये."

ड्राइव्ह सील होऊन तपासणीला गेला होता. उतरवून घेतलेला मजकूर मात्र फायलीत होता. दाक्षायणीनं क्षणभर विचार केला आणि वाचायला सुरुवात केली.

"'निंगव्वा आडावर पाणी शेंदत हुती. मी गोठ्याच्या दारात हुते. म्हातारी मागनं आली. काय बोलली न्हाय, काय न्हाय. दोन्ही हात लावलं. निंगव्वानं वरडायच्या आदी मागं वळून बगितलं. तिला वाटलं आसंल, कुणी चेष्टा करतंय. मी दार वडून घेतलं. चाळीस वर्सं झाली, त्ये दार मी उगडलंच न्हाय.'"

गुरप्पांचे डोळे मिटलेले होते. त्या वाचायच्या थांबल्या तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

"त्या दिवशी सकाळी मी तिला बोललो हुतो," ते म्हणाले. "लेकरू न्हाय, आई मागं लागलीया, दुसरी करतो. एवढं बोलून अक्कलकोटला गेलो. परत आलो तर हे. कागदावर घसरली म्हणून आलं. पर मला ठाव हुतं, घसरली न्हाय. मला वाटायचं, माज्या बोलण्यानं उडी टाकली तिनं." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "म्हणून शिवपुत्राच्या आईशी पन कदी धड बोललो न्हाय. ती बी तशीच गेली."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. ती एकदाची निघून गेली.

"आईला रोज पाणी द्यायचो म्या. शेवटची चार वर्सं, ह्या हातानं." मग ते सावरून बसले. "मॅडम, त्यो जुना कागद बदला. घसरली म्हणून लिवलंय, त्ये बदला."

"अप्पा, करणारी गेली, बघणारी गेली. आता खटला उभा राहणार नाही."

"खटला नगं. नुसतं खरं लिवा. कुटंतरी लिवा."

दाक्षायणीनं फाईल बाजूला केली आणि कोरा कागद ओढला.

"मी तुमचा जबाब घेते. मृत व्यक्तीचं पूर्ण नाव?"

गुरप्पांनी नाव सांगितलं. निंगव्वा, मग स्वतःचं नाव नाही, तिच्या वडिलांचं. तिच्या माहेरच्या गावाचंही सांगितलं, विचारलं नव्हतं तरी.

"वय?"

त्यांना आठवावं लागलं नाही.

"एकोणीस," ते म्हणाले, आणि दाक्षायणीनं ते लिहून घेतलं.